‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडतोस कशाला?’

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक भांडण ठरलेले असे. मी कार्यालयातून परत येई तेव्हा बाबा पलंगावर बसलेले असत. मी विचारी, ‘बाबा, गोळी घेतली काय?’ उत्तर नाही. पुन्हा विचारले की म्हणत, ‘काय म्हनतं? मोठ्यानं बोल ना.’ मी आवाज चढवी. त्याबरोबर बाबा कानावर हात ठेवत आणि चिडत, ‘कायले वरडून रायला बे? मी काय बहिरा हाय काय?’

स्वयंपाकघरातून माय म्हणे, ‘यायले पाहिजे ते बरोबर ऐकू येते. सारी नाटकं आहेत.’ माझी मुलगीही पुढे तेच म्हणू लागली. आणि मी? मी चार लोकांत समाजकार्य करणारा, सभेत माणुसकीवर भाषण देणारा माणूस. पण मनातून मीही मायच्याच बाजूचा होतो. ज्याला हळू बोललेले ऐकू येत नाही, त्याला मोठा आवाज टोचेल कसा? हिशेब जुळत नव्हता. मी कॉमर्सचा पदवीधर, हिशेब जुळला नाही की चूक समोरच्याची धरायची सवय.

चूक आमची होती. बाबांच्या कानाचा हिशेब बरोबर होता, आम्हाला तो वाचता येत नव्हता. तो कसा वाचायचा, हे आपल्या समाजबांधवांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. कारण असे बाबा, असे काका, अशा आत्या प्रत्येक वस्तीत आहेत आणि घरोघरी त्यांना ‘नाटकी’ म्हटले जाते.

कानाच्या आतला कारखाना

कानाचे तीन भाग असतात. बाहेरचा कान आणि त्याची नळी, मग पडद्यामागचा मधला कान आणि त्यातली तीन इवलीशी हाडे, आणि कवटीच्या हाडात दडलेला आतला कान. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडून सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात पाणी असते आणि पाण्यात पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लाट या नळीत कशी सरकते हे जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवले. त्याबद्दल त्यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

केसपेशी दोन प्रकारच्या असतात. आतल्या रांगेतल्या पेशी आवाजाची बातमी मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या पेशींचे काम वेगळे. हळू आवाज आला की त्या स्वतः हलून त्याला मोठा करतात. मोठा आवाज आला की त्या मदत करीत नाहीत, कारण त्याला मदतीची गरज नसते. म्हणून निरोगी माणसाला पानांची सळसळही ऐकू येते आणि रेल्वेची शिटीही सोसवते.

सततच्या गोंगाटाने, वयाने, काही औषधांनी किंवा कानाच्या आजाराने पहिल्यांदा मरतात त्या या बाहेरच्या पेशी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच आयुष्यभराच्या.

आता पाहा काय होते. हळू आवाजाला हात देणारे कामगार गेले, म्हणून हळू आवाज पोहोचतच नाही. मोठ्या आवाजाला त्यांची गरज नव्हतीच, तो पूर्वीसारखाच दणकन् पोहोचतो. आमच्याकडे एक जुना रेडिओ होता. त्याचे आवाजाचे बटण झिजले होते. अर्ध्यापर्यंत फिरवा, काहीच नाही. आणखी थोडे फिरवा की एकदम सारी गल्ली जागी. बाबांचा कान तसा झाला होता.

आकड्यात सांगतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे साठच्या आसपास असते आणि शंभरच्या वर आवाज बहुतेकांना नकोसा होतो. समजा शून्यापासून शंभरपर्यंत शंभर पायऱ्यांचा जिना आहे. बाबांना साठपर्यंत काही ऐकू येत नाही, पण नकोसा आवाज त्यांनाही शंभरलाच होतो. म्हणजे तेवढीच उंची त्यांना चाळीस पायऱ्यांत चढायची. प्रत्येक पायरी अडीचपट उंच! मी आवाज थोडाच वाढवला असे मला वाटे, त्यांना मात्र मी कानात ओरडल्यासारखे होई.

या प्रकाराला वैद्यकात ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. आमच्या कार्यालयात या शब्दाचा अर्थ नोकरभरती, म्हणून तो ऐकून मला हसू आले होते. न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर एडमंड फाउलर यांनी 1930 च्या दशकात एक कान चांगला आणि एक बिघडलेला अशा रुग्णांच्या दोन्ही कानांत आळीपाळीने आवाज देऊन हे दाखवले. हळू आवाजात दोन कानांत मोठा फरक पडे, आणि आवाज वाढवत नेला की बिघडलेला कान चांगल्या कानाला गाठे.

एका डेसिबलची परीक्षा

शेवटी आम्ही बाबांना तपासणीसाठी नेले. काचेच्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचे. ही ऑडिओमेट्री बहुतेकांनी पाहिली असेल. त्यानंतर तपासणाऱ्या ताईंनी आणखी एक चाचणी घेतली. हल्ली ती फारशी घेत नाहीत, नवी यंत्रे आली आहेत. अमेरिकेत जेम्स जर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली ती मांडली. तिचे नाव सिसी.

चाचणी सोपी आहे. माणसाला जेमतेम ऐकू येतो त्याहून वीस डेसिबल वरचा एक सलग सूर कानात लावून ठेवतात. दर पाच सेकंदांनी तो क्षणभर फक्त एका डेसिबलने वाढवतात. असे वीस वेळा. वाढ कळली की सांगायचे. प्रत्येक बरोबर उत्तराला पाच टक्के. निरोगी कानाच्या माणसाला बहुधा वीस टक्क्यांपर्यंत मिळतात. सत्तर टक्क्यांच्या वर मिळाले तर बिघाड आतल्या कानात असावा असे समजतात.

बाबांनी वीसपैकी अठरा वेळा बोट वर केले. मी हट्टाने स्वतः बसलो. मला तीन वेळा कळले, त्यातही एक अंदाजाने होते.

ज्यांना आम्ही दहा वर्षे बहिरे म्हणत होतो, त्यांना नव्वद टक्के आणि धडधाकट कानाच्या मला पंधरा! बाबा बाहेर येऊन म्हणाले, ‘पाहिलं? म्या सांगत होतो.’

मी म्हणालो, म्हणजे बाबांचा कान माझ्याहून तीक्ष्ण झाला की काय? ताईंनी समजावले. तसे नाही. बाबांना तो सूर पुष्कळ मोठा करून ऐकवला होता, मला हळू. तेवढ्याच मोठ्या पातळीवर मला ऐकवला असता तर मलाही एका डेसिबलचा बदल कळला असता. पुढच्या संशोधकांनी हेच दाखवून दिले आहे. म्हणजे मोठ्या आवाजात बाबांचा कान माझ्याइतकाच जागा असतो. झोपला आहे तो हळू आवाजासाठी. ‘ते नाटक करीत नाहीत,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही दोघे खरे बोलता.’

घरी येताना ऑटोत आम्ही दोघेही गप्प होतो.

सूरही बदलतो

आतला कान बिघडला की फक्त लहान-मोठा आवाज बिघडत नाही, सूरही बिघडतो. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच सुरांच्या पेशी असतात आणि टोकाला जाड, खालच्या सुरांच्या. गोंगाटाने तोंडाजवळचा भाग आधी झिजतो. त्यामुळे स, श, फ, क, ट यांसारखी बारीक व्यंजने गळतात, स्वर मात्र ऐकू येतात. ‘सात’ म्हटले तर ‘हात’ की ‘भात’ कळत नाही. म्हणूनच अशी माणसे म्हणतात, ‘आवाज येते, पण शब्द समजत नाही.’ चार जण एकदम बोलू लागले किंवा टीव्ही चालू असला तर सारे कालवले जाते.

काहींना एकच सूर दोन कानांत दोन वेगवेगळ्या उंचीवर ऐकू येतो. बाबा आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात गात. पन्नाशीनंतर ते हार्मोनियम वाजवणाऱ्याशी भांडू लागले. ‘पेटी फाटली हाय, सूर बरोबर नाही.’ पेटी दोनदा दुरुस्त करून आणली. मग बाबांनी जाणेच सोडले. मंडळी म्हणाली, यांना गर्व झाला. आज वाटते, पेटी ठीक होती आणि बाबाही खोटे बोलत नव्हते. तेव्हा कोणाला हे माहीत असते तर एक गाणारा माणूस घरात बसला नसता.

मागावरची किंमत

बाबांचे कान गेले कशाने? नागपुरातल्या एका गिरणीत त्यांनी तीस वर्षे माग चालवले. या शहराला गिरण्यांचा मोठा इतिहास आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. भोंग्यावर घड्याळ लावणारी नागपूरची पिढी अजून हयात आहे.

आपल्या वाचकांना माहीत असेल, विणाई खात्यात आपल्या लोकांना प्रवेश नसे. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. सूतकताईत आपली माणसे चालत, जास्त पगाराच्या विणाईत नाही. मुंबईच्या 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपकऱ्यांच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. आमच्या घराण्यात मागावर उभे राहिलेले बाबा पहिले. ज्या दिवशी ते विणाईत गेले त्या दिवशी आजीने साऱ्या आळीत साखर वाटली होती.

पण तेच खाते गिरणीतले सर्वांत गोंगाटाचे. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज 95 ते 100 डेसिबल, कधी त्याच्याही वर असतो. आणि डेसिबलचा हिशेब साध्या व्याजाचा नाही, चक्रवाढीचा आहे. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, 10 वाढले की दहापट, 20 वाढले की शंभरपट. बाबा सांगतात, खात्यात बोलणे नव्हतेच. ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून सारे चाले. कानात घालायला कोणी काही दिले नाही. कोणी कापसाचा बोळा घातला तर बाकीचे हसत. साध्या कापसाने आवाज फारसा अडतही नाही.

कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा घातली गेली, 95 ला चार तास, 100 ला दोन तास. गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाना कायद्यातील रोगांच्या यादीत आला आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. कान किती झिजतो हे आवाज आणि तास या दोहोंवर ठरते. त्या दृष्टीने पाहिले तर मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी 1946 साली आणलेल्या दुरुस्तीने आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 वर आले, तेव्हा कामगारांच्या कानांचेही सहा तास वाचले. हक्क मिळाल्याचा आनंद आम्ही केला. पण जागा मिळाली म्हणजे सुरक्षितता मिळाली असे नाही, हे आम्हाला उशिरा कळले. आज आपली मुले हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत जातात. त्यांनी कानाचे संरक्षण मागून घ्यावे आणि दिले तर लाज न धरता वापरावे.

इतर कारणे, इतर लक्षणे

सारे बहिरेपण असे नसते. कानात मळ साचला, पडदा फाटला, कान वाहू लागला तर आवाज आत जायलाच अडथळा होतो. अशा माणसाशी मोठ्याने बोलले की त्याला नीट कळते आणि टोचत नाही. उपचाराने, शस्त्रक्रियेने पुष्कळदा सुधारतेही. म्हणून तपासणीशिवाय कोणाला ‘वयाचा बहिरा’ म्हणून सोडून देऊ नये. कानात तेल, लसणाचा रस, काडी, पिन काहीही घालू नये.

आतल्या कानातच तोल सांभाळणारा भाग असतो. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 साली सांगितले की घरघर फिरल्यासारखी चक्कर, उलटी, कानात शिटी आणि ऐकू कमी येणे हे एकत्र आले तर मूळ कानात असू शकते. त्यांच्याच नावाने तो आजार ओळखला जातो. त्यात ऐकणे कधी कमी, कधी बरे असे होते आणि आवाज सोसवत नाही. आपल्या वस्त्यांत अशा बाईला आजही कोणी बाहेरची बाधा म्हणतो, उतारा करतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी असे होऊ नये. तिला देवऋषी नको, कानाचा डॉक्टर पाहिजे.

काही औषधेही आतल्या कानाला घातक असतात. क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने त्यांतली. औषध सुरू असताना कानात शिटी वाजू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगावे. आणि एका कानाने अचानक, एका-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची गोष्ट समजावी. आठवडे गेले तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

यंत्र पेटीत का पडते

बाबांना आम्ही पूर्वी एक श्रवणयंत्र बाजारातून घेऊन दिले होते. चार दिवसांत ते कपाटात गेले. ‘ताट पडलं का गोळी सुटल्यासारखं वाटते,’ ते म्हणत. आम्हाला वाटले पैसे वाया घालवले. खरे कारण आता कळते. ते यंत्र सारेच आवाज सारखे वाढवत होते. हळू आवाजाबरोबर ताटाचा आवाजही. नीट बसवलेले डिजिटल यंत्र हळू आवाज जास्त वाढवते आणि मोठा आवाज थोडाच. पण ते प्रत्येकाच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे बसवावे लागते. बाजारातून चष्मा उचलावा तसे उचलून चालत नाही. टोचत असेल तर यंत्र ठेवून देऊ नका, परत जाऊन बसवून घ्या. दोन-तीन फेऱ्या लागतातच.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठी आहे. गरजूंना साधने देण्याची केंद्र सरकारची एडिप योजना 1981 पासून आहे, तिच्यात श्रवणयंत्रेही येतात. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या सुरांना 60 ते 70 डेसिबलची घट असलेला माणूस ‘कमी ऐकू येणारा’ आणि 70 च्या वरचा ‘कर्णबधिर’ धरला जातो. अर्ज भरायला त्रास होत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी म्हाताऱ्यांना मदत करावी. हेही समाजकार्यच आहे.

घरच्यांनी काय करावे

ओरडू नका. जवळ जा, तोंडासमोर उभे राहा, चेहऱ्यावर उजेड असू द्या. ज्याने तीस वर्षे मागावर ओठ वाचले, तो तुमचेही ओठ वाचेल. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोला. टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला. कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि ‘जाऊ द्या, तुम्हाला नाही समजणार’ हे वाक्य घरातून कायमचे काढून टाका. माणूस त्याने एकटा पडतो.

एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी. बाबा दरवर्षी 13 एप्रिलच्या रात्री बारा वाजता संविधान चौकात जात. काही वर्षांपासून वस्तीची मिरवणूक निघाली की ते मागच्या खोलीत दार लावून बसतात. मुले म्हणतात, आबाजींना जयंतीचे कौतुक राहिले नाही. मुलांनो, भिंती हादरवणारा डीजे त्यांच्या कानाला सुरीसारखा लागतो. त्याच्यासमोर चार तास नाचणाऱ्या तुमच्या केसपेशीही मरत असतात, तुम्हाला ते पंधरा-वीस वर्षांनी कळेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मोबाईल कानात घालून झोपणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आवाज दुसऱ्याचा असो की आपल्या जयंतीचा, कानाला जात-धर्म कळत नाही.

आमच्या वस्तीच्या जयंती समितीपुढे मी हा विषय मांडला. दोन तास वाद झाला. शेवटी ठरले की म्हाताऱ्यांच्या रांगेपुढून मिरवणूक जाताना डीजे बंद ठेवायचा आणि ढोलकी-पेटीवर भीमगीते म्हणायची. सगळ्यांना पटले असे नाही. पण त्या दिवशी बाबा खुर्ची घेऊन दारात बसले होते. गाणे सुरू झाल्यावर थोडा वेळ ऐकले आणि मला म्हणाले, ‘पेटी अजून फाटलेलीच हाय.’ मग बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला.

संध्याकाळी मी आता त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसतो आणि हळू विचारतो, ‘बाबा, गोळी घेतली?’ ‘घेतली,’ ते म्हणतात. एवढाच बदल झाला आहे. तो करायला आम्हाला दहा वर्षे लागली. वाचकहो, तुम्हाला आजची संध्याकाळ पुरे आहे.

जयभीम!